दामूकाकांची चालू लाईन

दामूकाका स्मशानात हेडसेट लावून आले होते.

कानांवर काळ्या गाद्यांच्या दोन वाट्या, डोक्यावरून पट्टा आणि गालावरून थेट तोंडासमोर आलेला माईक. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, पाय अनवाणी, आणि वर हा थाट. मी काही तिथे नव्हते, आमचे हे होते. घरी येऊन आंघोळ होते न होते तोच म्हणाले, "अगं, भटजी मंत्र म्हणतायत आणि हा माणूस कॉलवर." कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं म्हणे, "दामूशेठ, काढा आता ते." तर दामूकाकांनी तोंड न उघडता पंजा दाखवला, थांब म्हणून, आणि ते चितेच्या आणखी जवळ जाऊन उभे राहिले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या अंजूरफाट्यावर बातमी होती की दामू पाटलाने मयतीत जमिनीचा सौदा पक्का केला.

आता मी कोण, तर वैशाली. भिवंडीजवळच्या या अंजूरफाट्याला माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. बाईमाणूस मोबाईल उघडते म्हणून सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे. आता बघायला कोणी येत नाही, फुटलेल्या स्क्रीन घेऊन येतात आणि "जरा लवकर" म्हणतात. मला "जरा लवकर" म्हणणाऱ्याचा राग येतो. "काही झालेलं नाही, फक्त चालू होत नाही" म्हणणाऱ्याचा त्याहून जास्त येतो. पण सगळ्यात जास्त राग येतो तो जुनी वस्तू घेऊन "हीच नीट कर" म्हणून बसणाऱ्याचा, आणि दामूकाका त्या जातीचे मुकुटमणी.

काका अंजूर गावात राहतात. शेत होतं तिथे आता गोडाऊन झालंय. मुलगी दिघाशीला दिलेली, काकू जाऊन बरेच दिवस झाले. दुमजली घर आणि घरात हा एकटा माणूस. पण उभा जन्म काकांचा शेतात नाही, पॉवरलूमच्या कारखान्यात गेला. स्वतःचे माग होते, भागीदारीत. शेवटी धंदा बसला आणि माग भंगारात वजनावर गेले. माग गेले तरी मागावरच्या सवयी राहिल्या. त्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. दोन बोटं कातरीसारखी मिटली की धागा तुटला. मूठ तोंडाशी नेली की चहा. पंजा पोटावर ठेवला की जेवण. काका अजून तसंच बोलतात. माझ्या दुकानात येतात, दारातून मूठ तोंडाशी नेतात आणि मी समोरच्या टपरीवाल्याला दोन चहा सांगते. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल मी मुक्याशी संसार करतेय.

त्यातून तोंड उघडलंच तर एक वाक्य ठरलेलं. "धागा तुटला त गाठ मारावी, ताका फेकायचा न्हाय." ताका म्हणजे मागावरून उतरलेल्या कापडाचा अख्खा गठ्ठा. हे वाक्य चपलेचा अंगठा तुटला तरी लागू, छत्रीची काडी मोडली तरी लागू. दिघाशीची मुलगी एकदा नवऱ्याशी भांडून बॅग घेऊन आली, तेव्हा तिलाही चहा पाजून हेच ऐकवलं आणि दिघाशीवरून जाणाऱ्या वज्रेश्वरीच्या एसटीत बसवून दिलं.

तर हेडसेट. काका तो उठल्यापासून लावतात. केस कापायला गेले तर न्हावी पट्ट्याच्या अलीकडचं कापतो, मग पट्टा सरकवून पलीकडचं. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरले तेव्हाही तो डोक्यावर होता, गळ्यापर्यंत पाण्यात, बाकी सगळे डुबक्या मारतायत आणि हे माईक सांभाळत बसलेत. जमिनीचे एजंट घरी आले की समोर हात बांधून उभे राहतात, शेठचा कॉल संपू दे म्हणून. शेठचा कॉल संपत नाही. शेठ बोलतही नाहीत. मधूनच "हां" म्हणतात, मधूनच "हूं". एजंट चहा पितात, पुन्हा चहा पितात आणि निघून जातात. मला वाटतं, काकांची उरलेली जमीन या हेडसेटनेच वाचवली आहे.

पलीकडे कोण असतं यावर फाट्यावर दोन पक्ष होते. एक शेअर बाजारवाला. दुसरा माझ्या शेजारचे चष्मेवाले अन्सारीभाई यांचा. ते डोळा बारीक करून म्हणायचे, "भाभी, लिख के लो, कोई औरत का चक्कर है." मी त्यांना म्हटलं, बाईशी बोलणारा माणूस निदान कधीतरी भांडेल तरी. हे नुसतं हां आणि हूं.

एक दिवस दुपारी काका दुकानात आले आणि त्यांनी हेडसेट काढून काउंटरवर ठेवला. मी पहिल्यांदा त्यांचे कान बघितले. तोंड उन्हाने रापलेलं आणि कान गोरेपान. मला उगाचच परक्या माणसाला उघडं बघितल्यासारखं झालं.

"पोरी, याचा जीव जातो," काका म्हणाले.

"कधी जातो?"

"सकालचा चहा होतो, पेपर होतो, भाजी येते, न मग जेवायच्या आदी ती बाई बोलते."

माझी नजर आपोआप अन्सारीभाईंच्या दुकानाकडे गेली. "कोण बाई?"

"आतली." काकांनी वाटीवर बोट आपटलं आणि बारीक आवाज काढून दाखवला, "बॅटली लो. मग एकदा बोलते, दोनदा बोलते न सगला बंद."

मी म्हटलं, काका, बॅटरी म्हातारी झाली, नवीन हेडसेट घ्या. हे बघा किती आलेत. काकांनी काचेतल्या मालाकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. धागा, गाठ आणि ताका हे सगळं पुन्हा ऐकवलं. मग म्हणाले, "मना जेवन होईपरयंत चालायला पायजे. त्याच्यापुढं मेला तरी चालंल."

"जेवताना कशाला हो लागतो? जेवताना तरी काढावा माणसाने."

काकांनी पंजा पोटावर ठेवला आणि स्टुलावर बसले.

बरं, हे काम दिसतं तेवढं सोपं नसतं. कानाची गादी हलक्या हाताने उचकटायची, तिच्या खाली बारीक स्क्रू असतात ते काढायचे, मग वाटी उघडते. मी उजवी वाटी उघडली. आत नुसता स्पीकर. बॅटरी नेहमी दुसऱ्या कानात असते, हा माझ्या धंद्यातला नियम आहे आणि तरी मी दर वेळी आधी चुकीचाच कान उघडते. काका बघत होते. त्यांनी डाव्या वाटीकडे बोट केलं. मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाले, "उजवीत न्हाय म्हनून."

डाव्या कानात बॅटरी पुरीसारखी फुगलेली होती. असली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, नाहीतर पेट घेते. मी काकांना ती दाखवली आणि सांगितलं की हे डोक्यावर घेऊन फिरणं धोक्याचं आहे. काका म्हणाले, "मागाचा पट्टा सुटून डोक्यात बसला तवा मेलो न्हाय." पण त्या मापाची बॅटरी माझ्याकडे नव्हती, मुंबईहून मागवावी लागणार होती. तोपर्यंत जुनं चालवा असं मी म्हणणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांना वापरायला एक नवा कोरा हेडसेट दिला. चांगल्यातला. आजूबाजूचा गोंगाट कापून फक्त माणसाचा आवाज पुढे पाठवणारा. मी अगदी कौतुकाने समजावलं, काका, तुम्ही कारखान्यात उभे राहून बोललात तरी समोरच्याला नुसते तुम्हीच ऐकू याल. काका घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आले. तो हेडसेट मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरून आणला आणि काउंटरवर ठेवला.

"यो मुका हाय."

"मुका कसा असेल? मी स्वतः बघून दिलाय."

"मुका हाय. यासीन जेवला न्हाय काल."

तेव्हा पहिल्यांदा मला यासीनभाईंचं नाव कळलं. काकांनी जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांत, अर्धं तोंडाने, अर्धं हातांनी. यासीनभाई म्हणजे काकांचे भागीदार. कोकणी मुसलमान, भिवंडीतच वाढलेले. दोघांनी मिळून माग टाकले, मिळून चालवले आणि भंगारवाल्याने उचलून नेले तेव्हा दोघे मिळून बघत उभे राहिले. नंतर यासीनभाईंचा मुलगा त्यांना बंगलोरला घेऊन गेला. सोळाव्या मजल्यावर घर. मुलगा आणि सून सकाळी ड्युटीला जातात ते संध्याकाळी येतात. खाली उतरलं तर भाषा कळत नाही, वर बसलं तर बोलायला भिंत. सून डबा भरून ठेवते. पण यासीनभाईंना एकट्याने जेवण जात नाही. डबा तसाच राहायचा. त्यात साखरेचा आजार, वेळेवर खाल्लं नाही की हातपाय थरथरतात.

मग मुलाने दोन सारखे हेडसेट घेतले, एक बापाला आणि एक काकांना. मागांच्या आवाजाने काकांचे कान एवढे बसलेत की साधा फोन त्यांना धड ऐकू येत नाही, हा आवाज मात्र येतो. त्या दिवसापासून सकाळी लाईन लागते ती दुपारची जेवणं होईपर्यंत चालू. कंपनीने मध्येच कापली की पुन्हा लावायची. इकडे काका जेवायला बसतात, तिकडे यासीनभाई डबा उघडतात.

"आणि परवा ते स्मशानात?" मी विचारलं.

"त्यो गेला तो यासीनच्या वलखीचा होता. आमच्याकरंच कामाला होता आदी. यासीनलाबी यायचा होता."

म्हणजे काका चितेजवळ गेले ते यासीनभाईंना नीट ऐकू जावं म्हणून. अख्खा फाटा त्यांना नावं ठेवत होता.

मग त्यांनी मुक्या हेडसेटचं सांगितलं. यासीनभाईंना पलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं. भाकरी थापल्याचा आवाज नाही, पाण्याचा नाही, भांड्याचा नाही. मी ज्याला गोंगाट म्हणत होते तेच तर त्यांना हवं होतं. यासीनभाईंना वाटलं लाईन तुटली. ते वाट बघत बसले. संध्याकाळी सून आली तेव्हा घामाघूम होऊन खुर्चीत होते, तिने साखर भरवली.

मला वाईट वाटलं, पण माझं डोकं अजून यंत्रातच होतं. मी म्हटलं, "काका, तुम्ही बोलत राहायचं ना. बोललं की तो आवाज पुढे पाठवतो."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "काय बोलू?"

खरंच विचारत होते. जन्मभर दोघं मागाच्या शेजारी बसून समोरासमोर जेवले. खडखडाटात बोलायची सोय नव्हती, म्हणून बोलणं राहूनच गेलं. त्या दोघांना सोबत म्हणजे एवढीच माहीत होती, की पलीकडे माणूस आहे आणि तो जेवतोय. मी काउंटर पुसायला घेतला, दुसरं काय करणार.

बॅटरी यायला दिवस लागले. जुना हेडसेट चार्जिंगला लावूनच वापरावा, तर चार्जिंगला लावला की तो बंदच पडायचा. काका फोनच कानाला घट्ट चिकटवून, खांद्याने दाबून जेवत होते. दर दिवसाला त्यांची मान आणखी एका बाजूला कलत गेली. अन्सारीभाई म्हणाले, "चचा, चश्मा बना दूं? सब तिरछा दिखता होगा." मला हसू आलं, काकांना आलं नाही. ते रोज दारात यायचे, दोन बोटं कातरीसारखी मिटायचे आणि मी मान हलवायची, नाही आली.

शेवटी आली. मापापेक्षा जरा जाड निघाली, म्हणून आतला फोम थोडा कापला, लाल वायर लालला, काळी काळीला, सोल्डरचा डाग दिला, गादी चिकटवली. काका म्हणाले, "लावून बघ, मी केली घेऊन येतो," आणि फोन काउंटरवर ठेवून रस्ता ओलांडून गेले. लाईन नेहमीप्रमाणे चालू होती. मी हेडसेट सुरू करून कानाला लावला. तो आपोआप फोनला जोडला गेला.

पंखा फिरत होता. कुठेतरी लांब लिफ्टचं दार वाजलं. मग खोकला, आणि म्हातारा आवाज, "दामू?"

"काका केळी आणायला गेलेत. मी वैशाली, रिपेरिंगवाली."

"अच्छा, तू ती बेटी." थोडा वेळ पंखाच ऐकू आला. "त्याला बोल, कच्ची घे. काळी केळी उचलतो तो, नजर नाही त्याला." पुन्हा पंखा. मग आवाज उतरवून म्हणाले, "बेटी, दामूला जेवताना तू कधी बघितलंस?"

"नाही."

"दोन ताटं मांडतो. मला आवाज येतो ना इकडे. एक ठेवतो, मग दुसरं ठेवतो. भाभी गेली, पण हा अजून तिचं ताट मांडतो. मी नाही विचारत. विचारलं तर शरमेल बिचारा. त्या दिवशी तुझ्या नव्या मशीनमध्ये ताटंच नाही वाजली. मला वाटलं, आज दामूने जेवण सोडलं. मग माझ्या घशाखाली कसं जाणार?"

मी म्हटलं, आता वाजतील. ते म्हणाले, "हां, वाजू दे."

काका आले, हातात काळी पडलेली केळी. मी हेडसेट काढून दिला. "काय बोलला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कच्ची केळी घ्या म्हणाले. काकांनी केळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजे ऐकू येतो बराबर," म्हणाले आणि हेडसेट डोक्यावर चढवला. त्यांचे गोरे कान झाकले गेले. जाताना म्हणाले, "शुक्रवारी तुझा दुकान बंद. जेवायला ये."

गेले मी. भिवंडीत शुक्रवारी सगळंच जरा निवांत असतं. एवढ्या मोठ्या घरात एक खोली वापरातली आणि बाकीच्यांना कुलपं. बाहेरच्या खोलीत काकूंचा हार घातलेला फोटो होता, मी हात जोडले. काकांनी खाडीतल्या बोई माशांचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या होत्या आणि हेडसेट डोक्यावर होताच. सगळं तयार होतं, पण वाढेनात. म्हणाले, "जुम्मा हाय. नमाज होऊ दे त्याची." आम्ही कालवणाचा वास घेत बसून राहिलो. मग त्यांच्या कानात काहीतरी आलं असावं, कारण ते उठले.

जमिनीवर माझं ताट ठेवलं, स्वतःचं ठेवलं. मग तिसरं ठेवलं, जरा वाजवून. मी बाहेरच्या फोटोकडे बघितलं आणि माझे डोळे भरले. मला वाटलं, आता उठून हे ताट आधी फोटोपुढे ठेवतील.

काकांनी पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून उभा केला आणि ते ताट त्याच्यापुढे सरकवलं. भाकरी वाढली. कालवणातला एक मोठा तुकडा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बोटांनी चाचपून काटे काढायला लागले. म्हातारी बोटं, कमी दिसणारे डोळे. एकेक काटा काढून स्वतःच्या ताटाच्या कडेला लावत होते. बराच वेळ लागला.

"कुणासाठी एवढे काटे काढताय?" मी हळूच विचारलं.

"यासीनचा डोला अधू हाय. काटा लागंल त्याला."

मी त्या ताटाकडे बघत राहिले. बंगलोरच्या सोळाव्या मजल्यावर बसलेल्या माणसाला अंजूरच्या ताटातला काटा लागणार होता.

"काका, त्यांना माहीत आहे का, हे ताट त्यांचं आहे ते?"

काकांनी आधी माईकवर तळवा घट्ट दाबला.

"न्हाय. त्याला वाटतो, तिचा हाय. मी वलखतो ना त्याला."

"मग सांगा की."

"सांगितला त रडंल," काका म्हणाले. "रडला की जेवायचा न्हाय. तू जेव."

मग त्यांनी माईकवरचा हात काढला, सोललेला तुकडा त्या ताटात ठेवला आणि ताट पुन्हा थोडं वाजवून सरकवलं. क्षणभर मान खाली घालून ऐकत राहिले. तिकडे डब्याचं झाकण उघडलं असावं, कारण काकांनी पंजा पोटावर ठेवून मला खूण केली आणि पहिला घास घेतला.